पायाखालची जमीन कोणाची?

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यासमोर, अटलांटिकमध्ये, मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. वुड्स होलच्या धक्क्यावरून फेरीबोट पकडली की पाऊण तासात माणूस बेटावर. दूध, भाजी, औषधं, गाड्या, सगळं बोटीने येतं. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१६ साली सार्वमतात कौल दिला आणि २१ वर्षं पूर्ण केलेल्या कोणालाही हौसेखातर दुकानातून गांजा विकत घ्यायची मुभा मिळाली. बेटावरही परवान्याची दुकानं उघडली. त्यांना एक अट मात्र होती, आणि ती मला दोनदा वाचावी लागली. समोरच्या किनाऱ्यावर पिकलेला, प्रयोगशाळेत तपासलेला, कर भरलेला गांजा बोटीतून बेटावर आणायचा नाही. बेटावर विकायचा तो बेटावरच पिकवायचा.

२०२४ मध्ये बेटावर पिकवणाऱ्याने लागवड थांबवायचं ठरवलं आणि दुकानांतली फडताळं रिकामी व्हायला लागली. डॉक्टरच्या शिफारशीने गांजा घेणारे आजारी लोकही त्यात अडकले. पाऊण तासाच्या अंतरावर राज्यात माल भरपूर, आणि इथे तुटवडा. कारण मधे पाणी होतं. जहाजांची वाहतूक, तटरक्षक दल, किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडचा समुद्र, हे सगळं केंद्र सरकारच्या हाती. आणि केंद्राच्या कायद्यात गांजा हा आजही गुन्हा आहे. या किनाऱ्यावर निर्दोष, त्या किनाऱ्यावर निर्दोष, आणि मधल्या लाटांवर गुन्हेगार, असं एकाच पुडीचं होऊ शकतं. अखेर जून २०२४ मध्ये राज्याच्या नियंत्रण आयोगाने आदेश काढला आणि बेटांकडे माल न्यायची वाट मोकळी केली. त्यासाठी केंद्राच्या कायद्यातला एक शब्दही बदललेला नव्हता.

तेव्हापासून अमेरिकेतल्या गांजाच्या कायद्यांनी मला धरून ठेवलं आहे. मी ओढत नाही, कोणी ओढावा असंही मला वाटत नाही. पण एका झाडाच्या निमित्ताने एवढा मोठा देश स्वतःच्या राज्यघटनेच्या शिवणी उसवून दाखवतो, असं दृश्य क्वचितच बघायला मिळतं.

सुरुवात दोन सरकारांपासून करावी लागते. आपल्याकडे फौजदारी कायदा मुख्यतः देशाचा एकच. नांदेडला जो खून तोच नागालँडला खून. अमेरिकेत पन्नास राज्यांची पन्नास दंडविधानं आहेत. प्रत्येकाचे पोलीस वेगळे, न्यायालयं वेगळी, तुरुंग वेगळे. शिवाय या सगळ्यांवरून केंद्राचं एकावन्नावं दंडविधान, केंद्राचे तपासनीस आणि केंद्राचे तुरुंग. एकाच माणसाच्या डोक्यावर एकाच वेळी दोन छत्र्या उघडलेल्या असतात.

केंद्राची छत्री १९७० सालची आहे. रिचर्ड निक्सन यांच्या सहीने नियंत्रित पदार्थांचा कायदा झाला आणि अंमली पदार्थ पाच अनुसूचींत वाटले गेले. पहिली अनुसूची सगळ्यात कडक: व्यसनाचा धोका मोठा, मान्यताप्राप्त वैद्यकीय उपयोग काहीच नाही. हेरॉइन त्यात, एलएसडी त्यात, आणि त्यांच्याच पंगतीला गांजा. कोकेन मात्र दुसऱ्या अनुसूचीत, कारण शस्त्रक्रियेत त्याचा थोडा उपयोग मान्य आहे. गांजाचं काय करायचं हे ठरवायला त्याच काळात शेफर आयोग नेमला गेला. त्याने १९७२ मध्ये सांगितलं की स्वतःपुरता थोडा गांजा बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नये. निक्सन यांनी ते मानलं नाही. गांजाला पहिल्या अनुसूचीतून तिसरीत उतरवण्याचा प्रस्ताव केंद्राच्या न्याय खात्याने मांडला तो थेट मे २०२४ मध्ये. आणि तिसऱ्या अनुसूचीतला पदार्थसुद्धा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. हौसेखातर घेणाऱ्यांना विकणारं दुकान तेव्हाही केंद्राच्या कायद्याबाहेरच राहतं.

इकडे राज्यं आपापल्या वाटेने निघाली. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये आजारी माणसांसाठी दार उघडलं. ६ नोव्हेंबर २०१२ या एकाच दिवशी कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांच्या मतदारांनी हौसेच्या वापरालाही हो म्हटलं, आणि १ जानेवारी २०१४ ला कोलोरॅडोत थंडीत कुडकुडत लोकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. २०२३ संपेपर्यंत अशी २४ राज्यं झाली, शिवाय राजधानी वॉशिंग्टन डी.सी.

इथे कोणीही विचारेल: केंद्राचा कायदा राज्याच्या कायद्यापेक्षा वरचढ नाही का? आहे. अमेरिकी घटनेत तसं स्वच्छ लिहिलं आहे. मग ही दुकानं उभी कशी?

उत्तर सापडतं बंदुकांच्या एका खटल्यात. १९९३ साली केंद्राने कायदा केला की कोणी पिस्तूल विकत घ्यायला आला तर स्थानिक शेरीफने त्याची पार्श्वभूमी तपासावी. मोंटाना आणि ॲरिझोनातले दोन शेरीफ कोर्टात गेले: आम्ही आमच्या लोकांनी निवडलेले, केंद्राने आम्हाला परस्पर कामाला का जुंपावं? सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये प्रिंट्झ खटल्यात त्यांची बाजू उचलून धरली. केंद्राने हवे ते कायदे करावेत, आपली माणसं लावून राबवावेत. पण राज्याच्या नोकरांना ते राबवण्याचा हुकूम देता येणार नाही. अमुक गोष्ट तुमच्या कायद्यात गुन्हा ठरवाच, असंही राज्यावर लादता येणार नाही.

हे तत्त्व गांजाला लावून बघा. केंद्राच्या अंमली पदार्थ विभागाकडे, म्हणजे डीईएकडे, सगळ्या देशासाठी काही हजार अधिकारी. गांजाच्या बहुतेक अटका पूर्वीपासून गावचे, शहरांचे आणि राज्यांचे पोलीसच करत आलेले. राज्याने आपल्या दंडविधानातून ती ओळ खोडली की त्या पोलिसांचे हात निघून जातात. केंद्राचा कायदा जागच्या जागी, अक्षरन् अक्षर शाबूत. फक्त तो धरून चालणारे हात नाहीत. बंदूकवाल्यांसाठी लढलेली लढाई गांजावाल्यांच्या कामी आली. ती लढताना हे कोणाच्या मनातही आलं नसेल.

याची दुसरी बाजू तितकीच कडक आहे, आणि ती कळायला गव्हाच्या शेतात जावं लागतं. ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला सरकारने ११.१ एकर गहू पेरायची मर्यादा घालून दिली होती. त्याने २३ एकर पेरला. जास्तीचा गहू कोंबड्यांना, गुरांना आणि घरच्या भाकरीला, असं त्याचं म्हणणं. केंद्राला राज्याराज्यांमधल्या व्यापारावर नियंत्रणाचा अधिकार आहे; पण जो गहू कुंपणाबाहेर गेलाच नाही त्याचा व्यापाराशी काय संबंध? सर्वोच्च न्यायालय १९४२ मध्ये म्हणालं, संबंध आहे. प्रत्येकाने घरचा गहू खाल्ला तर बाजारातला गहू कोण घेणार? तेव्हा थेंब थेंब मिळून देशाच्या बाजारावर परिणाम होतोच.

साठ वर्षांनी, २००२ मध्ये, कॅलिफोर्नियात एका आजारी बाईच्या घरी केंद्राचे अधिकारी पोचले. तिने औषध म्हणून गांजाची सहा झाडं लावली होती. स्थानिक पोलिसांनी पाहणी करून सांगितलं की राज्याच्या कायद्यात यात काही गैर नाही. दोन्ही बाजूंची तीन तास तणातणी झाली आणि शेवटी केंद्राच्या माणसांनी सहाही झाडं उपटून नष्ट केली. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००५ मध्ये, सहा विरुद्ध तीन मतांनी, केंद्र जिंकलं. निकालाला आधार कशाचा, तर फिलबर्नच्या गव्हाचा. अंगणातली सहा झाडं, कोणी विकली नाहीत, कोणी विकत घेतली नाहीत, तरी ती देशाच्या व्यापारात मोजली गेली.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की मला थक्क व्हायला होतं. एक सांगतो, केंद्राला तुमचं झाड उपटता येतं. दुसरा सांगतो, ते उपटायला केंद्राला राज्याचा हवालदार मागता येत नाही. या दोन वाक्यांमधल्या फटीत २४ राज्यांतली सगळी दुकानं उभी आहेत.

या फटीवर काही काळ एका पत्राचं छप्पर होतं. २९ ऑगस्ट २०१३ ला केंद्राच्या न्याय खात्यातले उपप्रमुख जेम्स कोल यांनी सरकारी वकिलांना कळवलं की राज्याची व्यवस्था चोख असेल तर तुम्ही आठ गोष्टींकडे लक्ष द्या: मुलांच्या हाती जाऊ नये, टोळ्यांकडे पैसा जाऊ नये, दुसऱ्या राज्यात माल जाऊ नये, वगैरे. कायदा नव्हे, नुसतं पत्र. १ जानेवारी २०१८ ला कॅलिफोर्नियात हौसेची दुकानं उघडली आणि ४ जानेवारीला न्याय खात्याचे तत्कालीन प्रमुख जेफ सेशन्स यांनी ते पत्र रद्द केलं. छप्पर उडालं, दुकानं चालूच राहिली. इतक्या लोकांच्या मतांवर उभी राहिलेली गोष्ट आता नुसत्या धाकाने खाली बसणार नव्हती.

राज्याच्या सीमेचं प्रकरण तर मार्थाज व्हिनयार्डइतकंच नवलाचं आहे. सीमा ओलांडली की मामला केंद्राचा होतो. ऑरेगनमध्ये गांजा कायदेशीर, वॉशिंग्टन राज्यातही कायदेशीर, मधे कोलंबिया नदीचा पूल. त्या पुलावरून एक पुडी नेणं हा केंद्राचा गुन्हा. म्हणजे यातलं प्रत्येक राज्य हे एकेक बेटच आहे. प्रत्येकाने आपापलं पिकवायचं. नेवाडाने वाळवंटात बंद गोदामांत दिव्यांखाली पिकवायचं, अलास्काने कित्येक महिन्यांच्या बर्फात पिकवायचं. आणि दक्षिण ऑरेगनच्या उन्हात अमाप पीक येऊन भाव कोसळले तरी तिथल्या शेतकऱ्याने शेजारच्या राज्यात एक दाणा पाठवायचा नाही. केळी जळगावात पिकतात म्हणून आपण साताऱ्यात काचघर बांधून केळी लावत नाही. इथे कायद्याने ते करायला लावलं आहे.

मग पहिलं बी कुठून आलं? ज्या राज्यात कालपर्यंत हे झाडच बेकायदा होतं, तिथे आज परवाना मिळालेल्या शेतकऱ्याने रोप आणायचं कोठून? शेजारच्या राज्यातून आणलं तर केंद्राचा गुन्हा, आपल्याच राज्यातल्या चोरट्याकडून घेतलं तर राज्याचा गुन्हा. वॉशिंग्टन राज्याने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी नव्या उत्पादकाला १५ दिवस दिले. या १५ दिवसांत बी, रोपं, कलमं आत आणा. कुठून आणली, हे आम्ही विचारणार नाही. सोळाव्या दिवसापासून मात्र प्रत्येक झाडाची नोंद, प्रत्येक ग्रॅमचा हिशेब, बी रुजल्यापासून पुडी विकेपर्यंत. एका राज्याने आपल्या नियमांतच डोळे मिटून घ्यायला पंधरवडा राखून ठेवला होता.

नियमांची तऱ्हा तर राज्यागणिक बदलते. वयाची अट सगळीकडे २१ वर्षं, आणि गाडी चालवताना नशा करणं सगळीकडे गुन्हा. समान असं जवळजवळ एवढंच. नेवाडात घरी झाड लावता येतं, पण जवळचं दुकान २५ मैलांहून लांब असेल तरच. वॉशिंग्टन राज्यात हौसेसाठी घरी एकही झाड लावता येत नाही. न्यू जर्सीत तुम्ही सहा औंस, म्हणजे जवळजवळ १७० ग्रॅम, जवळ बाळगू शकता आणि तरीही गॅलरीतलं एक रोप तुम्हाला तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊ शकतं. मिशिगनमध्ये घरात १२ झाडांपर्यंत चालतात. इलिनॉयमध्ये रहिवाशाला ३० ग्रॅम आणि पाहुण्याला १५. न्यूयॉर्कमध्ये जिथे सिगारेट ओढता येते तिथे साधारणपणे हेही ओढता येतं. इतर बहुतेक राज्यांत रस्त्यावर ओढलं की दंड, त्यामुळे हॉटेलात उतरलेल्या पर्यटकाला विकत घ्यायची मुभा असते आणि ओढायला जागा नसते. व्हर्जिनियात २०२१ पासून बाळगणं कायदेशीर, घरी चार झाडंही कायदेशीर. दुकानांना परवानगी देणारं विधेयक मात्र २०२४ मध्ये राज्यपालांनी नाकारलं.

कोलोरॅडोने खाण्याच्या पदार्थांबाबत जे केलं ते अनुभवातून शिकून केलं. ओढलेला गांजा मिनिटांत चढतो. खाल्लेल्याला तास-दोन तास लागू शकतात. नवखा माणूस एक तुकडा खातो, काही वाटत नाही म्हणून दुसरा खातो, तिसरा खातो, आणि मग सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून तिथे एका मात्रेत १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, चालत नाही. प्रत्येक तुकड्यावर ठरलेली खूण लागते, आणि प्राण्यांच्या किंवा फळांच्या आकाराच्या गोळ्यांना बंदी आहे. पोरं त्यांना खाऊ समजतात.

राजधानीची गोष्ट याहून अजब आहे. वॉशिंग्टन डी.सी. हे राज्य नाही, त्याच्या तिजोरीवर अमेरिकी संसदेचा, म्हणजे काँग्रेसचा, हात आहे. तिथल्या मतदारांनी २०१४ मध्ये गांजा बाळगायला, घरी लावायला आणि एक औंसपर्यंत दुसऱ्याला भेट द्यायला परवानगी दिली. काँग्रेसने लगेच अंदाजपत्रकात अट घातली की विक्रीचे नियम करायला शहराने एक पैसाही खर्च करायचा नाही. झालं, विक्री बेकायदा आणि भेट कायदेशीर. मग दुकानं निघाली ती स्टिकरची, चित्रांची, टी-शर्टची. भारी किमतीचं स्टिकर घ्या. सोबत ‘भेट’ मिळेल. त्यातही शहराचा मोठा भाग, बागा आणि स्मारकं धरून, केंद्राच्या मालकीचा. फूटपाथवर उभा असलेला माणूस निर्दोष, दोन पावलं हिरवळीवर गेला की गुन्हेगार.

पैशाचं तर विचारूच नका. अमेरिकेच्या आयकर कायद्याला उत्पन्न पापाचं की पुण्याचं याच्याशी देणंघेणं नाही. कमावलंत तर कर भरा. १९८१ मध्ये एका अंमली पदार्थ विक्रेत्याने कर-न्यायालयात सांगितलं की धंदा आहे तर धंद्याचे खर्चही वजा करा, आणि न्यायालयाने ते मान्य केलं. संतापलेल्या काँग्रेसने पुढच्याच वर्षी कलम २८०ई घातलं: पहिल्या दोन अनुसूचींतल्या पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला दुकानभाडं, पगार, जाहिरात, काहीही वजा करता येणार नाही, फक्त मालाची मूळ किंमत. चोरट्या विक्रेत्यांसाठी घडवलेली ही बेडी तीस वर्षांनी राज्याचा परवाना भिंतीवर लावून बसलेल्या दुकानदाराच्या पायात पडली. हिशेब चोख ठेवणारा, पगारपत्रक दाखवणारा, तोच जास्त भरडला जातो. त्यात बहुतेक बँकांना केंद्राची भीती, त्यामुळे कित्येकांचा धंदा रोखीत. कर भरायला नोटांच्या पेट्या घेऊन जायचं. यातूनच कोलोरॅडोतल्या शाळांच्या इमारतीही उभ्या राहतात: तिथल्या घटनादुरुस्तीत लिहून ठेवलं होतं की या अबकारी करातले दरवर्षीचे पहिले चार कोटी डॉलर शाळांच्या बांधकामाला जातील.

लोकांनी मतं दिली ती काही केवळ महसुलासाठी नाही. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संघटनेने २०१३ मध्ये आकडेवारी मांडली: काळे आणि गोरे सारख्याच प्रमाणात गांजा ओढतात, पण बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता काळ्या माणसाची ३.७३ पट. ही अटक पुढे नोकरी, घर, शिष्यवृत्ती, सगळ्याच्या आड येते. आणि कायदा बदलला म्हणून जुना डाग आपोआप पुसला जात नाही. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२० ला दुकानं उघडायची होती. आदल्या दिवशी राज्यपाल जे. बी. प्रिट्झकर यांनी जुन्या किरकोळ प्रकरणांतल्या ११,०१७ जणांना माफी दिली. विक्रीआधी माफी, हा क्रम मला या सगळ्या कहाणीतली सगळ्यात माणुसकीची गोष्ट वाटतो.

आता खुद्द ‘गांजा’ म्हणजे काय, हे कायद्याला कसं कळतं? आपला १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा झाडाचे भाग पाहतो. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांपासून वेगळी केलेली पानं आणि बिया त्या व्याख्येत नाहीत. म्हणून भांग केंद्राच्या कचाट्यातून सुटते आणि तिचं काय करायचं ते राज्यं ठरवतात: राजस्थानात परवान्याची भांगेची दुकानं, तर महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा पहारा. अमेरिकेने २०१८ च्या शेती कायद्यात आकडा धरला. वाळलेल्या वजनात डेल्टा-९ टीएचसी ०.३ टक्क्याहून जास्त नसेल तर तो गांजा नव्हे, अंबाडीसारखं दोर-कापडाचं पीक. हा ०.३ आला कुठून? १९७६ साली अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी झाडाच्या दोन उपजाती वेगळ्या ओळखायला सोयीची म्हणून ओढलेली ती रेघ होती. नशा किती चढते याचं ते माप नव्हतंच. वर्गीकरणाच्या शोधनिबंधातली रेघ कायद्यात जाऊन बसली आणि तिच्या अल्याडपल्याड तुरुंग आणि शेतमाल ठरू लागले.

रसायनशास्त्रज्ञांनी त्यातूनही वाट काढली. कायदा डेल्टा-९ म्हणतो ना? मग त्याच कायदेशीर पिकातून नशा न आणणारं सीबीडी काढायचं, आम्लाची प्रक्रिया करून त्याचं डेल्टा-८ टीएचसी बनवायचं. एका दुहेरी बंधाची जागा रेणूत एका घराने सरकलेली; नशा आहेच, थोडी सौम्य. ज्या राज्यांनी गांजाला कधीच दार उघडलं नाही तिथेही हा माल पेट्रोलपंपावरच्या दुकानांत दिसू लागला. नोव्हेंबर २०२५ मध्ये काँग्रेसने व्याख्या आवळली आणि अंमलासाठी वर्षभराची मुदत दिली.

हे सगळं मी वाचत होतो तेव्हा माझी भाची कोलोरॅडोत शिकायला गेली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन: “मामा, इथे कोपऱ्यावर दुकान आहे, पण वसतिगृहात सापडलं तर काढून टाकतात. असं कसं?” असं, कारण केंद्राचं अनुदान घेणाऱ्या विद्यापीठाला १९८९ च्या कायद्याने आवारात अंमली पदार्थांना बंदी ठेवावीच लागते. पण तिला सांगण्यासारखं खरं वेगळंच होतं, आणि ते मी दर मराठी घरातून निघणाऱ्या मुलाला सांगेन. व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व, हा सगळा कारभार केंद्राचा आहे. तिथे राज्याची मुभा चालत नाही. शिक्षा झालेली नसली तरी विमानतळावर अधिकाऱ्यापुढे रीतसर दिलेली कबुलीसुद्धा प्रवेश नाकारायला पुरू शकते. गांजाच्या दुकानातली, राज्याच्या दृष्टीने स्वच्छ असलेली नोकरीसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात आडवी येऊ शकते. २०१९ मध्ये केंद्राच्या नागरिकत्व विभागाने हे लेखी सांगितलं.

त्यातली एक मेख तर मला झोपू देईना. ३० ग्रॅमपर्यंत स्वतःपुरता गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा असेल तर देशात असलेल्या परदेशी माणसाला त्यावरून हद्दपार करता येत नाही, अशी सवलत कायद्यात आहे. पण ही सवलत देशाच्या आत आहे. दारात नाही. तोच माणूस दिवाळीला पुण्याला आला आणि परतला, की तो दारात उभा असतो, आणि दाराच्या कायद्यात ३० ग्रॅमची ही सवलत आपोआप मिळत नाही. शिवाय आपल्या १९८५ च्या कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे की तो भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. म्हणजे डेन्व्हरच्या फूटपाथवर उभ्या असलेल्या पुणेकराच्या डोक्यावर दोन नाही, तीन छत्र्या.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बोट झाली, पूल झाला, हिरवळ झाली. मग विमान?” मी नकाशा उघडून अलास्काची राजधानी जुनो शोधली. त्या गावाला बाहेरून येणारा एकही रस्ता नाही. एका बाजूला बर्फाचं मैदान आणि हिमनद्या, दुसऱ्या बाजूला समुद्र. बाहेरचं काहीही तिथे पोचायचं तर पाण्यावरून किंवा आकाशातून. ते आकाश केंद्राचं आहे. आणि जुनोत परवान्याची दुकानं उघडी आहेत.